रेनी पॉवेल : बापाने घडवलेल्या मैदानावरची शिक्षिका



आरोग्याच्या या पानावर आपण रक्तवाढीच्या गोळ्या, बीपी, शुगर, बाळंतपण यांवर बोलत असतो. या वेळी एका खेळाडू बाईबद्दल बोलायचे आहे. तिचा खेळ आहे गोल्फ. हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिला असेल. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक एका फटक्याने पदकाला मुकली आणि चौथी आली, तेव्हा दोन दिवस सगळा देश गोल्फ बघत होता. तिच्या खेळाचे सामान वाहायला सोबत तिची आई होती, हेही काहींच्या लक्षात असेल. त्याआधी आणि त्यानंतर आपल्या वस्तीत या खेळाचे नावही कुणी घेतलेले नाही.

नरडाण्यात गोल्फचे मैदान नाही, आणि ते व्हावे असे माझे अजिबात म्हणणे नाही. एका मैदानाला शंभरेक एकर हिरवळ लागते, ती हिरवी ठेवायला रोज पाणी लागते. शिंदखेडा तालुक्यात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी काय करावे लागते ते आपल्याला ठाऊक आहे. मग ही बाई कशाला? कारण मैदान कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही, आणि याचा आपल्या शरीराशी व मनाशी काय संबंध आहे, हे अमेरिकेतल्या रेनी पॉवेल यांच्या आयुष्यात जितके स्वच्छ दिसते तितके मला दुसरीकडे दिसले नाही.

आधी खेळ समजून घेऊ. विटी-दांडू माहीत असलेल्याला गोल्फ अवघड नाही. एक छोटा कडक चेंडू, वजन जेमतेम ४६ ग्रॅम. तो मारायला लांब दांड्याच्या काठ्या, त्यांना क्लब म्हणतात. दूरवर जमिनीत एक भोक असते, चार बोटांपेक्षा थोडे रुंद. कमीत कमी फटक्यांत चेंडू त्या भोकात घालायचा. अशी १८ भोके पूर्ण केली की डाव संपला. समोर कुणी चेंडू अडवायला नसतो, धक्काबुक्की नसते. खेळाडू फटका मारतो आणि चेंडूमागे चालत जातो. चढउतार धरून १८ भोकांच्या डावात सहा ते आठ किलोमीटर चाल होते. साठीतला माणूसही हा खेळ खेळू शकतो, तो याच कारणाने.

खेळ असा साधा, पण त्याची जमीन महाग. म्हणून तो जगभर पैसेवाल्यांचा, साहेबांचा खेळ राहिला. आपल्याकडेही इंग्रजांनीच आणला. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा. गरिबाचे पोर तिथे गेले तर साहेबाची पिशवी उचलायला किंवा गवत कापायला. त्याच क्लबात गवताची निगा राखणाऱ्या माणसाचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया पुढे मोठा व्यावसायिक गोल्फपटू झाला आणि २००८ साली त्याने दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली. बाबासाहेबांचे जन्मगाव महू, तिथल्या मुकेश कुमार यांनी २०१६ मध्ये वयाच्या ५१ व्या वर्षी आशियाई पातळीवरची मोठी स्पर्धा जिंकली. अशी उदाहरणे आहेत, पण ती पुरुषांची. पिशवी उचलण्याच्या निमित्ताने का होईना, पोरगा मैदानाच्या आत जातो. पोरीला तेवढेही निमित्त नसते.

रेनी पॉवेल यांची गोष्ट त्यांच्या वडिलांपासून सांगावी लागते. विल्यम पॉवेल यांचा जन्म १९१६ सालचा, अलाबामा राज्यातला. त्यांचे आजी-आजोबा गुलाम होते. कुटुंब पुढे उत्तरेकडे ओहायो राज्यात आले. तिथे नऊ वर्षांचा विल्यम गोल्फच्या मैदानावर गोऱ्या खेळाडूंच्या पिशव्या उचलू लागला आणि बघता बघता खेळ शिकला. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या सैन्यातून इंग्लंडला गेला. तिथे सुट्टीच्या दिवशी इंग्लंड-स्कॉटलंडच्या मैदानांवर त्याला गोल्फ खेळू दिले. कातडीचा रंग कुणी विचारला नाही. युद्ध संपवून १९४६ साली तो ओहायोत घरी परतला, तर त्याच्या स्वतःच्या देशातल्या मैदानाने त्याला दारातूनच परत पाठवले.

बाबासाहेब १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर आले आणि त्यांना राहायला खोली मिळेना, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको. म्हणून विल्यम पॉवेल यांना काय वाटले असेल हे समजायला आपल्याला वेळ लागत नाही. योगायोग असा की, त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य सांगितले होते.

पॉवेल यांनी ठरवले, दुसऱ्याच्या मैदानाच्या दारात उभे राहायचे नाही, आपले मैदान करायचे. युद्धावरून आलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर कर्ज मिळण्याचा कायदा होता. हा सैनिक कृष्णवर्णीय असल्यामुळे त्याला ते कर्ज मिळाले नाही. शेवटी पैसे उभे राहिले ते दोन कृष्णवर्णीय डॉक्टरांमुळे आणि भावाने स्वतःच्या घरावर काढलेल्या कर्जामुळे. (आरोग्याच्या क्षेत्रातली माणसे चळवळीला काय काय देऊ शकतात, याची मी यादी केली तर या दोन डॉक्टरांची नोंद त्यात वर असेल.) त्या पैशातून ईस्ट कँटन या गावाजवळ दूधउत्पादक शेतकऱ्याचा ७८ एकरांचा मळा घेतला. पॉवेल कारखान्यात सुरक्षारक्षकाची नोकरी करत आणि उरलेल्या वेळात जमिनीवर. दगड वेचले, कुंपणाचे खांब उपटले, गवताचे बी हाताने फेकले. त्यांच्या पत्नी मार्सेला बरोबरीने राबल्या. वावर तयार करणे म्हणजे काय हे आपल्या बायांना माहीत आहे. फरक इतकाच की इथे पीक म्हणून मैदान यायचे होते. १९४८ साली नऊ भोकांचे मैदान सुरू झाले. नाव ठेवले क्लिअरव्ह्यू. अठरा भोके पूर्ण व्हायला १९७८ साल उजाडले. म्हणजे तीस वर्षे. सुरुवातीच्या काळात तिथे नासधूसही झाली, त्यांनी ती दुरुस्त केली आणि दार सगळ्यांना उघडे ठेवले, गोऱ्यांनासुद्धा. इथे रंग बघायचा तो फक्त गवताचा, असे ते म्हणत. कृष्णवर्णीय माणसाने स्वतः आखलेले, स्वतः बांधलेले, स्वतः चालवलेले असे अमेरिकेतले हे पहिले गोल्फ मैदान. २००१ मध्ये त्याची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली.

रेनी यांचा जन्म ४ मे १९४६ चा, म्हणजे पोर आणि मैदान बरोबरच वाढले. तीन वर्षांची असताना वडिलांनी तिच्या उंचीला बेताची काठी हातात दिली. बाराव्या वर्षी तिने पहिली स्पर्धा जिंकली. पुढे ओहायो विद्यापीठ आणि ओहायो स्टेट विद्यापीठ, दोन्हीकडे ती मुलींच्या गोल्फ संघाची कर्णधार होती.

१९६७ साली रेनी पॉवेल व्यावसायिक महिला गोल्फ संघटनेच्या, म्हणजे एलपीजीएच्या स्पर्धांमध्ये उतरल्या. त्यांच्याआधी तिथे एकच कृष्णवर्णीय स्त्री पोचली होती, अल्थिया गिब्सन. अल्थिया या मुळात टेनिसच्या. जन्म १९२७ चा, आपल्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या सालचा. १९५७ आणि १९५८ अशी सलग दोन वर्षे त्यांनी विम्बल्डन जिंकले, आणि १९६४ मध्ये त्या गोल्फमध्ये आल्या. जगज्जेत्या असून काही क्लबांनी त्यांना कपडे बदलायच्या खोलीत येऊ दिले नाही, त्या आपल्या मोटारीत बूट बदलत. पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या घटनेत तर १९६१ पर्यंत सदस्य गोराच हवा असे कलम लिहिलेलेच होते. आपल्याकडचे असे कलम फारसे कुणी लिहून ठेवत नाही, पण पाळले जाते.

रेनी १९६७ ते १९८० अशी तेरा वर्षे खेळल्या, अडीचशेच्या वर स्पर्धा. एलपीजीएची एकही स्पर्धा त्यांना जिंकता आली नाही. १९७३ साली ऑस्ट्रेलियात केली स्प्रिंगफील्ड ओपन जिंकली, तेवढे एक विजेतेपद. मोठ्या खेळाडूंवरच्या लेखात ही गोष्ट कुणी मोठ्याने सांगत नाही. मी सांगते, कारण त्या तेरा वर्षांत त्या काय घेऊन मैदानावर उतरत होत्या ते बघितले पाहिजे. हॉटेलात खोली आधी राखून ठेवलेली असायची, आणि चेहरा बघितल्यावर खोली शिल्लक नाही म्हणून सांगायचे. जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे यायची. गोल्फचे मैदान उघडे, भोवती झाडी, प्रेक्षक चारी बाजूंनी. अशा ठिकाणी धमकीचे पत्र खिशात ठेवून छोट्या चेंडूवर नजर स्थिर करायची आहे, हात थरथरू द्यायचा नाही.

परिचारिका म्हणून मला इथे थांबावेसे वाटते. धोका जाणवला की शरीर पळायची किंवा लढायची तयारी करते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, स्नायू ताठ होतात, रक्तात साखर सोडली जाते. साप दिसला तर हे उपयोगाचे आहे. साप गेला की शरीर निवते. पण धोका रोजचाच असेल, नळावर, दवाखान्यात, शाळेत, कामाच्या जागी आता काय ऐकावे लागेल या धास्तीत माणूस राहत असेल, तर शरीराला निवायला सवडच मिळत नाही. मग झोप तुटते, डोके दुखते, पित्त वाढते, मासिक पाळी बिघडू शकते आणि वर्षानुवर्षे असेच चालले तर रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. मी जीएनएम करून वॉर्डात नोकरीला लागले तेव्हा एका ठिकाणी आडनाव कळल्यावर माझा पाण्याचा पेला वेगळा ठेवला गेला. भांडण नाही, शिवी नाही, नुसता पेला. त्या महिन्यांत मला रात्री दोन वाजता जाग यायची, छाती धडधडायची. तेव्हा त्याला नाव नव्हते. आज ओपीडीत बाई सांगते, “सिस्टर, सगळं अंग दुखतं, रिपोर्ट नॉर्मल येतात”, तेव्हा मी आधी विचारते, घरात आणि कामावर कसं आहे.

रेनी यांना हे सोसता आले त्याचे एक कारण मला क्लिअरव्ह्यू वाटते. दौऱ्यावरून परतायला त्यांना एक जागा होती, जिथे त्यांना कुणी हटकत नव्हते. सगळ्यांकडे अशी जागा नसते.

दौऱ्यावर असतानाच त्या शिकवण्याकडे वळल्या. १९७९ साली इंग्लंडमधल्या सिल्व्हरमियर क्लबात त्या हेड प्रोफेशनल झाल्या. म्हणजे मैदानावरच्या सगळ्या शिकवणीची आणि खेळाची प्रमुख. ब्रिटनमध्ये ही जागा मिळवणारी ती पहिली स्त्री. आफ्रिकेत त्या अनेकदा शिकवायला गेल्या. अमेरिकन सैनिकांना भेटायला व्हिएतनामलाही जाऊन आल्या. १९९५ पासून त्यांनी वडिलांच्या मैदानावर हेड प्रोफेशनल म्हणून काम सुरू केले. महिला गोल्फ संघटना आणि अमेरिकेची पीजीए, दोन्हींची वरच्या श्रेणीची सदस्य झालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री त्याच. भाऊ लॅरी मैदानाची निगा बघत.

मानसन्मान पुष्कळ मिळाले, सगळे लिहीत नाही. एकच सांगते. स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज हे गोल्फचे माहेरघर. तिथला रॉयल अँड एन्शंट क्लब १७५४ सालचा. त्याने २६० वर्षे एकाही बाईला सदस्य केले नव्हते. २०१४ मध्ये मतदान होऊन तो नियम गेला आणि २०१५ मध्ये पहिल्या सात मानद महिला सदस्य निवडल्या, त्यात इंग्लंडच्या राजकन्या अ‍ॅन होत्या आणि रेनी पॉवेल होत्या. तिथल्या विद्यापीठाने त्यांना २००८ मध्ये मानद डॉक्टरेट दिली होती, आणि २०१८ मध्ये एका नव्या वसतिगृहाला नाव दिले, पॉवेल हॉल. ज्या बेटावर सैनिक असलेल्या बापाला खेळू दिले गेले, तिथे लेकीच्या नावाच्या इमारतीत आज मुलेमुली राहतात. वसतिगृहाला नाव मिळणे म्हणजे काय, हे वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्या पिढीला पुतळ्यापेक्षा जास्त कळते.

आता ज्या कामासाठी मी या पानावर त्यांना आणले, ते काम. २०११ साली रेनी यांनी क्लिअरव्ह्यूवर ‘होप’ नावाचा उपक्रम सुरू केला. होप म्हणजे आशा. तो फक्त सैन्यातून निवृत्त झालेल्या किंवा जखमी होऊन परतलेल्या स्त्रियांसाठी आहे आणि त्याला फी नाही. कुणाच्या शरीराला इजा झालेली, कुणाला युद्धातले दिसलेले आठवून झोप येत नाही, कुणी घराबाहेर पडायचीच बंद झालेली.

फक्त बायांसाठी का? अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या दवाखान्यांत विचारणा केली जाते, त्यात साधारण तीनपैकी एक स्त्री सांगते की नोकरीत असताना तिच्यावर लैंगिक अत्याचार किंवा छळ झाला होता. म्हणजे जखम शत्रूने केलेली नाही, आपल्याच तुकडीतल्या पुरुषाने केली आहे. अशी बाई पुरुष सैनिकांच्या गटात बसून मन कसे मोकळे करणार? म्हणून तिला बायांचा गट लागतो, शिकवणारी बाई लागते, आणि कुणी मागून येणार नाही अशी मोकळी जागा लागते.

गोल्फ तिथे औषधाचे काम कसे करतो हे समजून घेण्यासारखे आहे. पहिले म्हणजे कुणी तिला “बोल, काय झालं ते सांग” म्हणत नाही. ती चेंडू मारते आणि चालते. चालता चालता शेजारची बाई चालत असते. तासाभराने एखादे वाक्य निघते, किंवा निघत नाही. दुसरे, फटका मारताना लक्ष एकाच गोष्टीवर आणावे लागते. पाय जमिनीवर, श्वास संथ, नजर चेंडूवर. तेवढे क्षण जुनी आठवण मागे पडते. विहारात आनापान करणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. डोळे मिटून बसले की ज्यांना उलट जास्तच भीती वाटते, अशा आजारी माणसांना डोळे उघडे ठेवून, हालचाल करत लक्ष स्थिर करणे सोपे जाते, हा माझाही अनुभव आहे. तिसरे, ऊन, वारा, झाडे आणि पायाखालची माती. आणि चौथे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. आज चेंडू वाकडा गेला, पुढच्या आठवड्यात सरळ गेला. ज्या शरीराने आपल्याला दगा दिला असे तिला वाटत होते, ते शरीर पुन्हा तिचे ऐकू लागले.

हा खेळ म्हणजे मानसोपचाराला पर्याय नव्हे. औषध चालू असेल तर ते चालूच ठेवायचे. पण डॉक्टरच्या खोलीत अर्धवट राहिलेले काम मैदानावर पुढे सरकते.

बापाला मैदान बंद होते, म्हणून बापाने मैदान केले. लेकीने त्या मैदानाचे दार अशा बायांना उघडले ज्यांना दुसरे कोणतेच दार सुरक्षित वाटत नव्हते. हे सांगितले की वस्तीतल्या बैठकीत एखादी ताई हमखास म्हणते, “आम्ही दिवसभर वावरात राबतो, एमआयडीसीत आठ तास उभ्या राहतो, आम्हाला कशाला आणखी व्यायाम?” प्रश्न रास्त आहे. निंदणीत आणि कापूस वेचण्यात शरीर झिजते, हे खरे. पण त्यात कंबर तासन् तास वाकलेलीच राहते, तेच तेच स्नायू ओढले जातात, विश्रांती आपल्या हातात नसते आणि डोक्यावर मुकादम असतो. मनाने केलेली मोकळी हालचाल आणि पोटासाठी केलेले कष्ट यांचा शरीरावर परिणाम सारखा होत नाही, हे आता अभ्यासकही मांडतात. वाकलेल्या कंबरेला सरळ होणारी, वळणारी हालचाल लागते. आणि मनाला असा अर्धा तास लागतो ज्याचा हिशेब कुणाला द्यायचा नाही.

पोरींचे तर त्याहून वाईट आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी एक तास दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या पोरी पाचवी-सहावीपर्यंत पळतात, पाळी आली की ओटा आणि मोबाईल. शाळेचे पटांगण सुटीनंतर एक तर कुलपात किंवा पोरांच्या क्रिकेटला. हाडे भक्कम होण्याचे वय साधारण विशी-पंचविशीपर्यंतच असते. त्या वयात उड्या मारल्या नाहीत, पळल्या नाहीत, तर पन्नाशीत पाळी गेल्यावर मनगट आणि मांडीचे हाड मोडणाऱ्यांत त्या असतात. पाळीच्या दिवसांत खेळू नये याला वैद्यकीय आधार नाही. पोट फार दुखत असेल तर विश्रांती घ्यावी, एवढेच.

मात्र पोरीला एकदम पळायला लावण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेली पोर दोन फेऱ्यांत धापा टाकते आणि घरचे म्हणतात, हिला खेळ झेपत नाही. तिला खेळ झेपतो, रक्त कमी पडते. शाळेत-अंगणवाडीत आठवड्याला मिळणारी निळी गोळी घ्यावी, लिंबूपाण्यासोबत घेतली तर चांगली लागू पडते, चहासोबत घेऊ नये.

मोठ्यांसाठी आठवड्यात किमान दीडशे मिनिटे भरभर चाल पुरेशी आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग ठेवावा. गोल्फपटू सरावाआधी करतात ती एक हालचाल विहाराच्या अंगणातही जमते. पाय खांद्याइतके फाकवून उभे राहायचे, एक काठी मानेमागे खांद्यावर आडवी धरायची आणि कंबरेपासून वरचे अंग सावकाश उजवीकडे, मग डावीकडे वळवायचे. दहा-दहा वेळा, झटका न देता. ज्यांना मणक्याचा त्रास आहे किंवा पायात मुंग्या उतरतात, त्यांनी हे करू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालायला जाताना पदरात गुळाचा खडा ठेवावा आणि घरी आल्यावर तळपाय बघावेत. चालताना छातीत दाटून आले, डावा हात किंवा जबडा दुखला, तर तिथेच थांबावे आणि वेळ न दवडता दवाखाना गाठावा. रात्र रात्र झोप नाही, जगावेसे वाटत नाही, असे असेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करा. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येते आणि नाव सांगायची सक्ती नाही.

आणि जागा. ७८ एकर नकोत, पोरींना रोज संध्याकाळी दीड तास शाळेचे पटांगण हवे. दिवा हवा, एक शौचालय हवे, आणि देखरेखीला वस्तीतल्या दोन बाया हव्यात, आळीपाळीने. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असते. त्याआधी आठ दिवस ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, त्यावर निदान पंचवीस बायांच्या सह्या किंवा अंगठे घ्या आणि पोच घ्या. अर्जात ‘क्रीडांगण’ एवढेच लिहू नका, ‘मुलींसाठी राखीव वेळ’ असे लिहा, नाहीतर मैदान मिळेल आणि पोरी पुन्हा कट्ट्यावर बसून बघतील. गावात सपाटीकरण, कुंपण किंवा साहित्य हवे असेल तर क्रीडा खात्याची क्रीडांगण विकास अनुदान योजना आहे, तिची माहिती धुळ्याला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. जळगाव जिल्ह्यातल्या वाचकांनी जळगावच्या कार्यालयात विचारावे. ठराव झाला तर ग्रामपंचायतीकडून त्याची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात मागून घ्या आणि विहारातल्या कपाटात लावून ठेवा.